युवराजांचा युव्या

दिवाळी आठवड्यावर आली की शहापूरच्या बाजारात पणत्यांच्या शेजारी विळे मांडलेले दिसतात. सण आणि कापणी आमच्याकडे एकदमच येतात आणि दोघांची एकमेकांशी काडीचीही ओळख नसते. इकडे लोक आकाशकंदिलांचा भाव करतात, तिकडे अंगठ्याने विळ्याची धार बघतात. हवेत फटाक्यांचा धूर असतो आणि त्याच्या खालून कापलेल्या भाताचा ओलसर, किंचित आंबूस, गोड वास येत राहतो. हा वास आला की मी दरवर्षी दोन दिवस बिघडतो. पुस्तक मांडीवर उघडं राहतं, आणि कोणी मोठमोठे शब्द वापरायला लागलं की नेहमीपेक्षा जास्त राग येतो.

यंदा त्या रागाची सोय मुरबाडच्या रस्त्यावरच करून ठेवली आहे. किन्हवलीच्या अलीकडे भाताची खाचरं मातीने बुजवून तिथे शनिवार-रविवारच्या बंगल्यांची वसाहत होते आहे, आणि तिच्या तोंडाशी दोन मजले उंच फलक आहे. फलकावर एक कुटुंब हिरवळीवर बसून हसतंय. आई गोरी, बाप गोरा, मुलं गोरी, कुत्राही त्यांच्यातलाच. खाली लिहिलंय, ‘आपली माणसं, आपली कम्युनिटी. बुकिंग सुरू.’ आपली माणसं हल्ली चौरस फुटावर मिळतात हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या तालुक्यात ती मिळवायला पूर्वी चार पिढ्या, दोन भांडणं आणि एक बांधाचा खटला लागायचा.

मागच्या रविवारी त्या वसाहतीत ‘हार्वेस्ट फेस्टिव्हल’ होता. मला बोलावणं आलं, कारण अशा ठिकाणी एक स्थानिक विचारवंत लागतो आणि कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस त्या कामाला स्वस्तात मिळतो. भाड्याच्या नऊवारीतल्या बायका हातात विळा धरून फोटो काढत होत्या. विळ्याची धार स्वतःच्या पोटाकडे होती, पण चेहरे प्रसन्न होते. कुठून तरी आणलेल्या भाताच्या पेंढ्यांना सॅटिनच्या रिबिनी बांधल्या होत्या. कुंपणाला लागूनच खरी कापणी चालली होती. तिकडे कोणी फिरकलं नाही, तिथे पार्किंगची सोय नव्हती. भाषणात मी काय बोललो ते मला आठवत नाही. टाळ्या मात्र पडल्या. त्या ऐकताना मला सारखा यूहा आठवत होता.

यूहा हा फिनलंडचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत कागदाचा एक नवा कारखाना उभा राहत होता आणि त्याचं यंत्र यूहाच्या देशातून आलं होतं. यंत्राबरोबर, जणू त्याचाच सुटा भाग असावा तसा, हा पंचविशीतला पोरगा पाठवला होता. मी तेव्हा मुरबाडच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो, म्हणजे शिकवायचं रोज आणि नोकरी मात्र नाही. कारखान्याने मला दुभाषी म्हणून ठेवलं. दुभाष्याचं काम सोपं असतं अशी माझी समजूत होती. शब्द इकडचे तिकडे करायचे, बस्स. पण इकडे शब्दांचा महापूर आणि तिकडे कोरडी विहीर असेल तर काय करायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. यूहाला प्रश्न विचारला की तो आधी विचार करायचा आणि मग, सांगण्यासारखं काही असलं तर, सांगायचा. आमच्या तालुक्यात ही पद्धत कोणी पाहिलेली नव्हती.

यंत्राचा एक मोठा भाग बंदरात अडकला आणि काम थांबलं. दसऱ्याच्या आधीचे ते दिवस. यूहाला करण्यासारखं काही उरलं नाही, आणि रिकामा गोरा माणूस तालुक्याच्या ठिकाणी असणं म्हणजे काय हे तुम्हाला कळायचं असेल तर आमच्या अध्यक्षांची ओळख करून द्यायला हवी. ते अध्यक्ष होते. कशाचे, हे विचारायची पद्धत नव्हती. पतपेढी, व्यायामशाळा, नवरात्र मंडळ, मोफत चष्मेवाटप, जिथे खुर्ची मांडलेली असेल तिथे ते आधीच बसलेले असत. त्यांनी यूहाचा सत्कार ठेवला.

इथे एक चूक झाली, आणि ती फक्त आमच्याच लोकांना सुचू शकते. कारखान्यातून कोणीतरी फोनवर नाव सांगितलं, यूहा. ऐकणाऱ्याने लिहून घेतलं, युवा. छापखान्यातल्या माणसाला ते अर्धवट वाटलं. एवढा परदेशाहून आलेला माणूस, त्याचं नाव इतकंसं कसं असेल? त्याने आपल्या पदरची दोन अक्षरं घातली. निमंत्रणपत्रिकेवर सोनेरी शाईत आलं, ‘प्रमुख पाहुणे : श्रीमंत युवराज (फिनलंड)’.

फिनलंडला राजाच नाही, हे मला माहीत होतं. मी अध्यक्षांना सांगितलंही. ते म्हणाले, “अहो सर, असेल कुठेतरी. आता पाचशे पत्रिका गेल्यात.” पत्रिका गेल्या म्हणजे वस्तुस्थितीने वागणूक सुधारायची. हॉल भरला. लोक राजपुत्र पाहायला आले होते. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने मला हळूच विचारलं, “फिनेल यांच्याकडेच बनतं ना?” अध्यक्षांनी पाऊण तास पाहुण्याला देव मानणाऱ्या आपल्या संस्कृतीवर भाषण केलं. त्या सगळ्या वेळात देवाला पाणी विचारायचं कोणालाही आठवलं नाही. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. ऑक्टोबरच्या उन्हात, पत्र्याच्या छपराखाली, त्या लालबुंद झालेल्या पोराच्या खांद्यावर लोकरीची शाल. एक संस्था पुढे झाली की दुसरीला मागे राहता येत नाही. पुढच्या दोन आठवड्यांत त्याच्यावर शालींचा वर्षाव झाला. एकदा गाडीत बसल्यावर त्याने बराच विचार करून मला विचारलं, “यांना मी थंडीने कुडकुडतोय असं वाटतं का?”

गेस्टहाऊसच्या खिडकीत त्याने नारळ ओळीने मांडून ठेवले होते. त्यांचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं आणि फेकून देणं बरं दिसलं नसतं. एकाला कोंब फुटला. “निदान एकाला तरी इथे मानवलं,” तो म्हणाला. तो विनोद होता, हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

राजपुत्राशी कोण बोलणार? त्याच्या शेजारी बसायला लोक घाबरत आणि दुरून बघायला हटत नसत. कारखान्यातले त्याच्याच वयाचे इंजिनिअर त्याला ‘सर’ म्हणून उभे राहत. चहावाला त्याच्यासाठी वेगळा कप विसळायचा. आमच्या स्वागताची ही एक खुबी आहे. माणसाला आपण इतकं उंच नेऊन बसवतो की खाली काय चाललंय ते त्याला ऐकूच येऊ नये.

आणि ‘या ना एकदा घरी’. हे वाक्य त्याला प्रत्येक कार्यक्रमात ऐकू यायचं. मी त्याचं इंग्रजी करून दिलं की तो खिशातून पेन काढायचा आणि विचारायचा, “कधी?” त्या एका शब्दाने मी मोठमोठ्या वक्त्यांची वाचा बसलेली पाहिली आहे. ‘या’ म्हणायला आपली काही हरकत नसते, पण ‘कधी’ म्हटलं की घरी विचारावं लागतं. एका प्राचार्यांच्या तोंडून घाईत ‘रविवारी’ निघून गेलं. रविवारी हा बरोबर साडेअकराला त्यांच्या दारात. सोबत मी. आत सगळे जेवायला बसले होते, आमच्या पावलांचा आवाज आल्याबरोबर ताटं उचलल्याचा खणखणाट झाला. मग वेफर्स आले, थंड पेय आलं, आणि प्राचार्य, त्यांच्या पत्नी, दोन मुली आणि शेजारचे एक काका समोर ओळीने बसून यूहा वेफर कसा खातो ते बघत राहिले. आतून बोंबलाच्या कालवणाचा वास येत होता. निघताना फोटो झाला. बाहेर आल्यावर यूहा म्हणाला, “मी खाल्लं. माझ्याबरोबर मात्र कोणीच खाल्लं नाही.”

कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांना यातलं काहीतरी जाणवलं असावं, कारण त्यांनी यावर साहेबी तोडगा काढला. मुंबईत परदेशी लोकांचा एक क्लब होता, तिकडे रविवारी गाडी पाठवली. यूहा संध्याकाळ व्हायच्या आतच परत आला. तिथे भेटलेल्या पहिल्या माणसाने त्याला विचारलं होतं, तुझ्याकडे नोकर किती? दुसऱ्याने चीज कुठे मिळतं ते सांगितलं. मग सगळ्यांनी मिळून आपापल्या ड्रायव्हरांबद्दल तक्रारी केल्या. “ते सगळे एका खोलीत होते,” तो म्हणाला, “पण एकमेकांबरोबर नव्हते.”

यात गोऱ्यांना हसायचं कारण नाही. माझा एक चुलतभाऊ मस्कतला होता. तिकडे गेल्या गेल्या त्याला आपली माणसं हवी झाली, म्हणून तो मराठी मंडळात गेला. वर्षाच्या आत मंडळाची दोन मंडळं झाली, आणि गणपतीही दोन झाले. भांडण कशावरून झालं, तर आरतीला ताट कोणाच्या बायकोने धरायचं यावरून. गावाकडे ही मंडळी एकमेकांच्या ओटीवर चढली नसती. तिथे वाळवंटात सात समुद्रांपलीकडे ती एकमेकांना ‘आपली माणसं’ म्हणत होती, कारण सगळ्यांना पुरणपोळी आवडायची. परदेशात माणसं सोबत शोधायला जातात आणि बहुतेक वेळा एक खोली भाड्याने घेऊन परत येतात. बाहेर फलक लावला की झाली कम्युनिटी. त्या विषयावर नंतर एका चर्चासत्रात मी दोन दिवस बसलो. जेवणाच्या वेळी प्रत्येकजण आपली थाळी घेऊन वेगळ्या खिडकीशी उभा होता.

मुंबईहून आल्यानंतरच्या त्या संध्याकाळी यूहाने मला सरळ सांगितलं. त्याच्या आधी याच कामावर आलेले दोघे मध्येच परत गेले होते. त्यालाही मॅनेजरसाहेबांनी विचारलं होतं, यंत्राचा भाग येईपर्यंत घरी जायचं का. दिवाळीच्या आदल्या आठवड्याचं विमान होतं. “मी गेलो तर परत येणार नाही,” तो म्हणाला. “घाम, ऊन, जेवण, सगळं सोसेन. पण मला हाक मारणारं इथे कोणी नाही. स्वागत करणारे आहेत. त्या विमानापर्यंत बघतो.” इतकं सलग बोलणं त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. तो गेला तर माझंही काम जाणार होतं, पण खरं सांगायचं तर मला कामाचं तेवढं वाटलं नाही. मुरबाडमध्ये गप्प बसून विचार करणारा तो एकटाच होता, आणि मी त्याच्या शेजारी गप्प बसायला शिकलो होतो.

किन्हवलीला माझं घर. पुढच्या सुट्टीला त्याला तिकडे घेऊन गेलो, यष्टीने. कारखान्याची गाडी नको म्हणालो, कारण गाडी आली की मागोमाग शाल येते. कापणी ऐन भरात होती. बांधावरून चाललो होतो तर खालच्या खाचरात जनाकाकू वाकून कापत होती. जनाकाकू आमच्या शेजारची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा भिवंडीला गोदामात. शेत तिचं, जीभही तिचीच. आम्हाला पाहून तिने कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि विचारलं,

“काय मास्तर, पाव्हनं घेऊन कुठं? जेवलं का पाव्हनं?”

आमच्याकडे हा प्रश्न नसतो. वाटेत भेटलेल्या माणसाला असं म्हणतात, आणि त्याने पोटात कावळे ओरडत असले तरी ‘हो हो’ म्हणून पुढे जायचं असतं. मी नकळत ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. यूहाने विचार केला. मग तो मराठीतला त्याला येणारा एकमेव शब्द बोलला.

“नाय.”

जनाकाकू गडबडली. ‘नाय’ ऐकायची तिची तयारीच नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे. “आता गो बाय,” ती स्वतःशीच म्हणाली. घरी जाऊन काही करून आणावं तर कापणी अर्धी पडलेली. शेवटी ती बांधावरच्या सावरीच्या झाडाच्या सावलीत गेली, फडकं सोडलं आणि तांदळाची भाकर मधून मोडली. अर्धी त्याला, अर्धी तिला, वर सुकटीची चटणी. दोघं समोरासमोर उकिडवी बसून खाऊ लागली. “तुमी जेवून आलाव ना मास्तर?” मी अर्थातच हो म्हणालो. मी जेवलो नव्हतो.

खाऊन झाल्यावर यूहा उठला आणि कापून ठेवलेल्या भाताचा भारा बांधून उचलू लागला. जनाकाकू हां हां करत धावली. “अवो मास्तर, सांगा ना त्याला! राजाचा पोर तो, त्याला कशाला?” सोनेरी शाईची कीर्ती किन्हवलीपर्यंत पोचली होती. मी सांगितलं, काकू, तो राजाचा नाही, त्याचा आजा शेतकरी होता, गवत कापायचा. तिने त्याचे हात बघितले, मग पुन्हा चेहरा बघितला. तेवढ्या वेळात तो भारा घेऊन वरच्या खळ्याकडे निघालाही होता.

भारा बांधायचा बंध पेंढ्याचाच असतो, तो पिळून, मुडपून खोचावा लागतो. यूहाने आपल्या पद्धतीची गाठ मारली होती. वाटेत ती सुटली. वर्षभराच्या कष्टाचं भात बांधावरून घरंगळत चिखलात गेलं.

“आरं ए युव्या!” जनाकाकू ओरडली. “डोळं कुठं ठेवलंस तुझं? उचल, उचल समदं! पायाखाली तुडवतोस काय, मेल्या!”

खाचरातले सगळे विळे थांबले. मीही थांबलो. यूहा माझ्याकडे वळून म्हणाला, “काय म्हणाली ती?”

दुभाषी म्हणून माझी एवढी पंचाईत कधी झाली नव्हती. ‘उचल’ सांगता येत होतं. पण ‘युव्या’ कसं सांगणार? आमच्या भाषेत आदर दाखवायला डझनभर सोयी आहेत, ‘श्रीमंत’पासून ‘सन्माननीय’पर्यंत, आणि त्या सगळ्या माणसाला लांब ठेवायला बनवल्या आहेत. त्याच भाषेत नावाच्या शेपटीला लावायचा एक ‘या’ आहे. बाळाचा बाळ्या, पांडूचा पांड्या. तो लागला की माणसाची सगळी इभ्रत एका क्षणात खलास होते आणि तो घरात येतो. हा ‘या’ मागून मिळत नाही. पत्रिकेवर छापता येत नाही. कोणी तुमच्यावर मनापासून चिडावं लागतं.

“तुझं नाव बदललंय,” मी म्हणालो.

“वाईट आहे का?”

“सगळ्यात वाईट. आतापर्यंत तिने असलं नाव फक्त भावाला आणि मुलाला ठेवलंय.”

त्याने परत एकदा विचार केला. मग हसला. मुरबाडला आल्यापासून त्याचे दात मी पहिल्यांदाच पाहिले. आणि चिखलात बसून एक एक काडी गोळा करू लागला.

नंतर तो रोज येऊ लागला. सकाळच्या यष्टीने यायचा, दवाने गुडघ्यापर्यंत भिजायचा, कोरा चहा फुंकून प्यायचा. जनाकाकूने त्याला बंध पिळायला शिकवलं आणि शिकवताना मनसोक्त शिव्या घातल्या. मला वाटलं होतं तिला चार इंग्रजी शब्द येतील. उलट त्यालाच ‘थांब’, ‘धर’, ‘आरं सोड ना’ यायला लागलं. दुपारी सावलीत एकदा मी त्याला सावड म्हणजे काय ते सांगत होतो. आज सगळ्यांनी माझ्या शेतात, उद्या सगळ्यांनी तुझ्या. मजुरी नाही, आभार नाहीत. जेवण असतं, तेही कोणी वाढत नाही, आपलं आपण घ्यायचं. तो म्हणाला, त्याच्या आजोबांच्या गावात यालाच ‘ताल्कोत’ म्हणत. गवत कापायला अख्खं गाव यायचं. “आणि तिथे बोलवायला कोणी येत नसे,” तो म्हणाला. “तू येणार, हे धरलेलं असे.” पांडूदादा, म्हणजे शेजारच्या शेताचा मालक, हे ऐकत होता. “मंग तिकडं बी आमच्यासारकंच,” तो म्हणाला आणि तंबाखू मळत राहिला. फिनलंडबद्दल त्याला आणखी काही जाणून घ्यायचं नव्हतं.

मॅनेजरसाहेब मात्र हादरले. कारखान्याच्या इभ्रतीचा प्रश्न होता. “तो लोकांच्या शेतात राबतो? यष्टीने जातो? मास्तर, तुम्ही त्याला काय दाखवताय?” त्यांना वाटत होतं की मी त्याला एखादं वाईट व्यसन लावलं आहे. अध्यक्षही नाराज झाले. युवराजांनी भारे वाहिले तर सत्कार केलेल्या संस्थांनी तोंड कुठे दाखवायचं? त्यांनी यावर आपल्या परीने उपाय शोधला. निरोप समारंभ ठेवला. विमानाचा दिवस त्यांना कारखान्यातून कळला होता.

तो दिवस उजाडला. यूहा मला काही बोलला नव्हता आणि मी विचारलं नव्हतं. आम्हा दोघांना न विचारण्याची चांगली सवय झाली होती. जनाकाकूच्या खळ्यावर झोडणी चालली होती. शेणाने सारवलेली जमीन, मधोमध फळी, तिच्यावर पेंढी आपटली की दाणे सर्रकन उडून पडायचे. उन्हात सोनेरी तूस तरंगत होतं, ते घामाला चिकटून अंग खाजत होतं. यूहाची बॅग गेस्टहाऊसवर भरलेली आहे, हे मला माहीत होतं. सकाळी मी ती पाहिली होती. तो पेंढी आपटत होता, आणि नेहमीपेक्षा जोरात.

दुपारी कारखान्याची पांढरी गाडी धूळ उडवत खळ्यापर्यंत आली. ड्रायव्हर खाली उतरला, बुटाला शेण लागू नये म्हणून कडेकडेने आला आणि मला म्हणाला, “सर, साहेबांनी लगेच आणायला सांगितलंय. हॉलवर लोक जमलेत. भाषणं उरकून तसंच एअरपोर्टला सोडायचंय.”

जनाकाकूने सूप खाली ठेवलं. “कोणाला सोडायचं?”

“यूहाला,” मी म्हणालो. “तो आज त्याच्या गावाला चाललाय, काकू.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता डोळ्याला पदर लावणार. तिने पदर कमरेला खोचला.

“गावाला चाललाय? आन उद्या पांडूचं भात कोण झोडणार? मी त्याला सांगून बसले ना, युव्या येईल म्हणून. परवा वरच्या आळीला. तिथं बी त्याचं नाव दिलंय.”

“त्याला विचारलं होतंस का?”

“त्यात इचारायचं काय?” ती खरोखरच गोंधळली होती. “घरच्या माणसाला कोण इचारतं?”

मी ते सगळं त्याला इंग्रजीत सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, सुधारला नाही, मऊ केला नाही. इतकं चोख भाषांतर मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. यूहा फळीजवळ उभा होता, हातात अर्धी झोडलेली पेंढी. त्याने विचार केला. ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं. पांडूदादाने तंबाखूची चिमूट ओठाखाली धरली आणि त्याच्याकडे बघायचंसुद्धा टाळलं. खळ्यावरचं कोणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. आमची माणसं काही मागताना नेहमी दुसरीकडे बघतात.

“साहेबांना काय सांगू?” ड्रायव्हरने मला विचारलं.

उत्तर मला द्यावं लागलं नाही.

“टाइम नाय,” यूहा म्हणाला, आणि पेंढी फळीवर आपटली.

निरोप समारंभ झालाच. हॉलचं भाडं भरलेलं होतं. अध्यक्षांनी रिकाम्या खुर्चीला उद्देशून भाषण केल्याचं नंतर कळलं, आणि ते फार हृद्य झालं असंही कळलं. खळ्यावर गाडीची धूळ खाली बसेपर्यंत जनाकाकूने पुन्हा सूप उचललं होतं. “आता मंग बघत काय बसलाव? आरं युव्या, त्या पेंढीत अजून दाणं हायत, झोड नीट. फुकटचं खातोस काय माझं?” सगळे हसले. तोही हसला, त्याला शब्द कळले होते.

मी कडेला उभा होतो. आता कोणाला इंग्रजीची गरज नव्हती, तेव्हा मीही पुढे झालो आणि उडवीवरचा, म्हणजे रचून ठेवलेल्या ढिगावरचा, एक भारा ओढून खांद्यावर घेतला. मी त्याच गावचा, त्याच मातीचा, माझ्या आजानेही याच खळ्यावर भात झोडलेलं. भारा तिरका झाला, बंध सुटला आणि पसाभर लोंब्या माझ्या पायाशी पडून तुडवल्या गेल्या. मी मान खाली घालून वाट पाहिली.

“ऱ्हाऊ द्या मास्तर,” जनाकाकू गोड आवाजात म्हणाली, “तुमी बसा सावलीला.”